60 हजारांचं डिपॉझिट आणि हातात साडेचार हजार

प्रश्न: नमस्कार दादा. आम्ही 2016 च्या जूनपासनं कोल्हापुरात रमणमळ्यात तळमजल्यावर भाड्यानं राहतोय. आता आर. के. नगरला स्वतःचा फ्लॅट झालाय, या महिनाअखेरीला घर सोडणार. मालक काका चांगले आहेत, नऊ वर्षांत कधी आवाज चढवून बोलले नाहीत. पण आता सगळा व्यवहार त्यांचा पुण्याचा मुलगा बघतोय आणि त्यानं व्हॉट्सॲपवर हिशोब पाठवलाय, रंग 18 हजार, गिझर साडेसात हजार, किचन ट्रॉल्या 12 हजार, सोप्यातल्या (बाहेरच्या खोलीतल्या) भिंतीचं प्लास्टर 15 हजार, वॉश बेसिन 3 हजार. म्हणजे साडेपंचावन्न हजार कापून आमच्या 60 हजारांतले साडेचार हजार परत. 60 पैकी 40 चेकनं दिलेत, 20 रोख, त्याची पावती नाही. ॲग्रीमेंट पहिल्यांदा रजिस्टर केलं होतं, त्यात 40 च लिहिलेत. नंतर एकदा नुसत्या स्टॅम्पपेपरवर केलं आणि पुढं सगळं तोंडीच. सामानाची यादी म्हणाल तर काकांनी वहीच्या पानावर लिहून दिलेली, "पंखे 4, ट्यूब 5, गिझर 1, ट्रॉल्या 3, बेसिन 1, चाव्या 2 जोड", एवढीच. बेसिनला चीर आमच्या मुलानं पाडलीय हे खरंय. बाकीचं पण आम्हीच भरायचं का? नाही दिले पैसे तर काय करायचं?

उत्तर: ताई, पहिल्यांदा एक काम करा, त्या पोराला उत्तर द्यायची घाई करू नका. रागाच्या भरात रात्री अकराला टाईप केलेला मेसेज पुढं फार महागात पडतो, मी दहा-बारा वर्षं भाडेकरारांचीच कामं केलीत आणि त्यातली निम्मी भांडणं तसल्या मेसेजनीच वाढलेली बघितलीत. आणि हे पण सांगून टाकतो की माझ्या आईच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं देतो, म्हणजे मी मालकाच्या बाजूचा पण आहे, त्यामुळं तुमच्याच सगळ्या बाजूनं बोलेन असं समजू नका.

तुमच्या डिपॉझिटचा निकाल आज घर कसं दिसतंय यावर लागत नाही, 2016 च्या जूनमध्ये कसं होतं आणि आज कसं आहे या दोन्हीतल्या फरकावर लागतो. आणि त्या फरकातनं नऊ वर्षांच्या वापराची झीज वजा करायची. मग उरतं ते तुमचं. मुलानं पाठवलेल्या हिशोबात आजचं घर आहे आणि आजचा नव्या वस्तूंचा भाव आहे, 2016 कुठंच नाही. तुम्हाला आता बसून तेवढं 2016 शोधायचंय.

काकांची यादी चुकीची नाही पण अर्धीच आहे. "पंखे 4" म्हटल्यावर चार पंखे होते एवढंच कळतं. ते चालत होते का, नवे होते का आधीच्या भाडेकरूच्या वेळचे, काही पत्ता नाही. यादी कशी पाहिजे, तर "सोप्यातला पंखा, पांढरा, जुना, 5 नंबरवर खडखड करतो". "गिझर 15 लिटर, खालच्या कडेला गंज". "बेसिन चांगलं, नळाची तोटी ढिली". एका ओळीत वस्तू, वय आणि दुखणं. लोक दारात उभं राहून वस्तू मोजतात आणि सही करतात, त्या दिवशी सगळे खुशीत असतात ना, कोण बघतंय.

आता ते 2016 कुठनं आणायचं? तुमच्या घरात गणपती बसतो का? बसत असेल तर विषय सोपा. दरवर्षी मखराचे फोटो काढलेले असतात आणि मखराच्या मागं भिंत असतेच. मुलाचे वाढदिवस, हळदीकुंकू, पाहुणे आलेले, कोण ओट्याला टेकून उभं आहे, कुणाच्या मागं ट्रॉलीचं उघडं दार दिसतंय, हे सगळं काढा. तुमचे, मिस्टरांचे, नणंदेचे, भाच्यांचे, सगळ्यांचे जुने फोन आणि फेसबुक धुंडाळा. तारखेसकट मिळाले तर बेस्ट, कारण मोबाईलच्या मूळ फाईलमध्ये तारीख बसलेली असते, व्हॉट्सॲपवरनं फिरून आलेल्या फोटोत ती बहुतेक वेळा जाते, म्हणून मूळ फाईलच जपा.

हे मला कुणी शिकवलं नाही, 2 हजार घालवून शिकलोय. लग्नानंतर आम्ही राजारामपुरीत एका घरात राहिलो, 5 हजार डिपॉझिट होतं, त्या काळात ती मोठी रक्कम. सोडताना मालकीणबाई म्हणाल्या की परड्यातला तुळशीकट्टा तुम्ही फोडलात, मोठी चीर पडलीय. मी शप्पथ घेतली, बायकोनं घेतली, काय उपयोग नाही, 2 हजार कापले. चार वर्षांनी बहिणीच्या घरी अल्बम बघत बसलो तर आमच्या थोरल्या मुलीच्या बारशाचा फोटो, आत्याच्या मांडीवर पोरगी, आणि मागं तोच कट्टा चिरीसकट, आम्ही राहायला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हाचा. घेऊन गेलो फोटो त्यांच्याकडं. त्यांनी चष्मा लावून बघितला, चहा टाकला, आणि म्हणाल्या, "आता राहू दे की, पोरगी केवढी झाली आता?" पैसे काय मिळाले नाहीत. चहा बरा होता.

असो. आता तुमच्या एकेक आकड्याकडं येऊ.

सगळ्यात मोठा घोळ भिंत आणि ट्रॉल्यांचा आहे, 27 हजारांचा, आणि मला त्याचंच सगळ्यात नवल वाटलं. रमणमळ्यात तळमजला म्हणजे 2019 ला आणि 2021 ला तुमच्या घरात पाणी होतंच. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका असतो, त्या दोन्ही वेळेला पंचगंगा 55 च्या वर गेलेली, हे कोल्हापुरात पोरालासोरालासुद्धा पाठ आहे, पुण्यातल्या मुलाला बहुतेक आठवत नसेल. पुराच्या पाण्यात भिजलेल्या भिंतीला नंतर वर्षानुवर्षं ओल येत राहते, लोणा म्हणजे पांढरा खार फुटतो, रंगाचे पोपडे निघतात, खालचं प्लास्टर हातानं कुरकुरतं. कितीही रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात परत तेच. ट्रॉलीचं प्लाय एकदा पाण्यात राहिलं की फुगतं आणि चॅनेलला गंज धरतो. यात तुमच्या वापराचा काय संबंध? आता भिंतीजवळ जा आणि बघा, ओलीची वरची कड एका उंचीला सरळ रेषेत गेलीय का. पुराची खूण तशीच असते, पायपातनं पाणी गळत असलं तर डाग एका जागी गोल किंवा लांबट असतो. टेप धरून जमिनीपासनं उंची मोजा, टेपसकट फोटो काढा. पुराच्या वेळचे फोटो असणारच तुमच्याकडं, पाणी ओसरल्यावर चिखल काढतानाचे. पंचनाम्याची झेरॉक्स असली तर ती पण काढून ठेवा. आणि पुरानंतर सफाईला, रंगाला तुम्ही स्वतःचे पैसे घातले असतील तर तो खर्च पण कागदावर आणा, काकांना माहीत असेल पण त्यांच्या मुलाला नसेल.

कायद्यात याला आधार आहे. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या 108 कलमात म्हटलंय की भाडेकरूनं जागा घेतली तशी चांगल्या स्थितीत परत द्यायची, पण वापरानं होणारी वाजवी झीज आणि आवरता न येणाऱ्या शक्तीनं झालेला बदल सोडून. आता वकील लोक म्हणतील की ते कलम भाडेपट्ट्याचं आहे आणि तुमचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी, ते वेगळं. बरोबर आहे. पण तुमचं पहिलं रजिस्टर ॲग्रीमेंट काढून वाचा, छापील मसुद्यात "नैसर्गिक झीज वगळता" असं एक वाक्य जवळजवळ सगळीकडं असतंच, कुणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी.

ते वाचतानाच रंगाचं पण बघून घ्या. काही मालक करारातच घालतात की सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार. तसं लिहून त्यावर सही केली असेल तर तेवढं द्यावं लागेल, वाद घालू नका. तसं काही नसेल तर नऊ वर्षं राहिलेल्या घराच्या रंगाचे पैसे भाडेकरूकडनं मागणं म्हणजे जरा जास्तच होतंय. डिस्टेंपर चार-पाच वर्षांत उतरतंच, कुणीही राहू दे, आणि नवीन भाडेकरू आणायचा म्हणजे मालक रंग काढणारच. फक्त तुम्ही टीव्हीसाठी, फोटोंसाठी भिंतीत भोकं पाडली असतील ती पुट्टीनं बुजवा, किलोभर पुट्टीत घरभराची भोकं बुजतात, मुलाचे स्टिकर आणि पेन्सिलीच्या उंचीच्या खुणा असतील तर त्या पुसा. उंचीच्या खुणांचा आधी फोटो काढून घ्या, नंतर रडायला येतं.

गिझरचं तर बोलायलाच नको. 2016 ला तो नवा होता का हे आधी विचारा. नवा होता असं धरलं तरी नऊ वर्षांत टाकी गळायला लागते, त्यात बोरचं पाणी असलं की क्षार साठून कॉईल जाते. जुनी वस्तू मोडली तर भरपाई जुन्या वस्तूची द्यायची असते. नऊ वर्षं वापरलेल्या गिझरचा भाव भंगारवाला काय देईल ते बघा आणि आकडा हसत हसत मुलाला सांगा. किंवा हसू नका, नुसता आकडा सांगा.

बेसिन मात्र तुमचं, तिथं आढेवेढे घेऊ नका. उलट तुम्हीच आधी बोला की हे आमच्याकडनं झालंय, आम्ही भरतो, कारण एक गोष्ट स्वतःहून कबूल केली की बाकीच्या चार गोष्टींवर तुमचं बोलणं ऐकलं जातं, हे मी लई वेळा बघितलंय. फक्त 3 हजार कशाचे ते विचारा. तुमच्या ओळखीच्या प्लंबरला बोलवा, तसंच बेसिन, मजुरीसकट किती, चिठ्ठीवर लिहून घ्या. सगळ्यात बरं म्हणजे सोडायच्या आधी स्वतःच बदलून टाका आणि दुकानाचं बिल जपा, विषय संपला.

तुम्ही स्वतः लावलेलं काय काय आहे? मच्छरजाळ्या, एक्झॉस्ट, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर, ते तुमचं, घेऊन जा, पण काढल्यावर भोकं बुजवा आणि मूळची तोटी, मूळची ट्यूब जपून ठेवली असेल तर परत बसवा. बाथरूमची फरशी बदललीय, ओट्याला टाईल लावलीय, असलं काही केलं असेल तर ते सोडून द्यायचं, भिंतीचा लचका तोडून नेऊ नये माणसानं.

आता त्या 20 हजार रोखीचं. ही मला खरी काळजी वाटते, आकड्यांच्या भांडणापेक्षा. नोंदणीचा खर्च कमी व्हावा, कागदावर कमी दिसावं म्हणून निम्मं डिपॉझिट रोख घेतात, आपण देतो, आणि माणसं चांगली आहेत तोवर चालतं. पण देवाच्या दयेनं त्या मुलानंच तुमचं काम केलंय. त्यानं हिशोब पाठवलाय तो 60 मधनं कापूनच साडेचार काढलेत ना? म्हणजे 60 घेतले हे त्यानं स्वतःच लिहून दिलं. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, चॅट एक्सपोर्ट करून मिस्टरांच्या मेलवर टाका, आणि नवीन घरात गेल्यावर मोबाईल बदलायचा विचार असेल तर हे मिटेपर्यंत थांबा. वर एक साधा मेसेज काकांना पण टाका, "काका, 60 हजार डिपॉझिटचा हिशोब तुमच्यासमोर बसून करू या, कधी येऊ?" ते "या" म्हणाले तरी पुरे.

तोंडी चाललेल्या करारानं तुम्ही घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चा, त्याच्या 55 कलमाप्रमाणं करार लेखी करणं आणि नोंदणी करणं ही जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलटं सिद्ध केलं नाही तर. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं, काकांना धमकी द्यायला नाही. नऊ वर्षं तुमच्या पोराला गोळ्या-बिस्किटं देणाऱ्या माणसाला कलमं ऐकवायची नसतात. मुलानं फारच ताणलं तर त्याला ऐकवा.

आणि एक आतली गोष्ट सांगतो, मालक म्हणूनच सांगतो. डिपॉझिट परत द्यायला उशीर होतो किंवा कापाकापी सुरू होते त्याचं खरं कारण पुष्कळदा एवढंच असतं की पैसे उरलेलेच नसतात. घेतले तेव्हाच कुठंतरी लागले, पोराची फी, दवाखाना, घरफाळा. मग नवीन भाडेकरूचं डिपॉझिट आलं की जुन्याचं द्यायचं, ही फिरती गाडी आमच्याकडं पण एकदा झालीय, लाज वाटते पण झालीय. म्हणून काकांना मोकळेपणी विचारा की या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधनं वळतं करून घेऊ का. त्यांनाही सोपं पडतं, तुमचे तेवढे तरी सुटतात. पण त्यांचा होकार मेसेजवर घ्या, स्वतःच्या मनानं भाडं थांबवू नका, नाहीतर त्या मुलाच्या यादीत "थकीत भाडं" अशी एक ओळ वाढेल. उरलेल्यातले थोडे आत्ता आणि थोडे पुढच्या महिन्याच्या तारखेचा चेक, असंही चालेल. चेक तारखेपासनं तीन महिनेच चालतो, तो ड्रॉवरमध्ये ठेवून विसरू नका. वटला नाही तर बँकेकडनं कळल्यापासनं 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, चेक न वटण्याच्या 138 कलमाची, आणि नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्यांना 15 दिवस मिळतात.

भेटायला जाताना मिस्टरांना घेऊन जा, आणि शक्यतो काकूंच्या उपस्थितीत बसा, आधी घर कसं होतं हे त्यांना सगळ्यात जास्त आठवतं. सामान हलवायच्या आधी एक फेरी, भरलेल्या घरात, आणि सामान निघाल्यावर दुसरी, रिकाम्या घरात. दुसरी फेरी दिवसाउजेडी करा, संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात सगळ्याच भिंती वाईट दिसतात. खोलीखोलीतनं फोन हातात धरून सलग व्हिडिओ काढा, नळ सोडून दाखवा, पंखा लावून दाखवा, फ्लश ओढा, खिडक्या उघडझाप करा, मीटरचं रीडिंग घ्या. मग एका पानावर चार ओळी, आज अमुक तारखेला घराचा ताबा दिला, चाव्या दिल्या, अमुक रुपये कापायचे ठरलं, अमुक मिळाले, अमुक या तारखेला मिळणार, दोघांच्या सह्या. महावितरणचं शेवटचं बिल नंतर येईल, तेवढे अंदाजानं बाजूला ठेवा, आणि पाणीपट्टी तुमच्याकडं असेल तर तिचंही तसंच.

पैसे मिळेपर्यंत घर सोडायचंच नाही असं कुणी सुचवेल, ते ऐकू नका. लिव्ह लायसन्सची मुदत संपल्यावर बसून राहिलं तर दुप्पट दरानं भरायची वेळ येऊ शकते, भाडे कायद्यातच तसं आहे. उलटं त्यांनी पण तुम्हाला बाहेर काढायला पाणी किंवा लाईट तोडायची नाही, ते पण कायद्यात आहे.

एवढं करून पण नाहीच मिळालं तर? पोलीस स्टेशनला जाऊन काय फार होत नाही, दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवतात. वकिलाकडनं एक नोटीस, स्पीड पोस्टानं, बऱ्याचदा त्यातच मिटतं. नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा, केस दाखल व्हायच्या आधीच लोकअदालतीत घेता येतं, कोर्ट फी लागत नाही आणि तिथं ठरलं की त्यावर अपील नाही. तुम्ही बाई आहात म्हणून तुम्हाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, 1987 च्या कायद्यानं, फक्त अर्ज तुमच्या नावानं करा. पैसे मागायला तीन वर्षांची मुदत असते, पण तीन वर्षं वाट बघत बसू नका. आणि आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय म्हणून कुणी तुम्हाला तिकडं जाऊ या म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा, एवढ्याशा रकमेचं ते काम नव्हं.

माझा हिशोब विचाराल तर बेसिन तुम्ही बदललं आणि भोकं बुजवली की कापायला काही राहत नाही. तरी मी तुमच्या जागी असतो तर काकांसाठी रंगात म्हणून 5 हजार सोडले असते, ओळख राहते, फ्लॅटच्या वास्तुशांतीला बोलवता येतं. पण ते तुम्ही स्वतःहून सोडायचे, पोरानं कापायचे नाहीत. यात फरक आहे.

आणि हो, यादीत "चाव्या 2 जोड" लिहिलंय. दुसरा जोड कुठाय तो आजच शोधायला घ्या, पॅकिंग सुरू झालं की सापडायचा नाही.